बर्फाचे वीस डॉलर

रविवारी सकाळी, चहाला उकळी यायच्या आत,
मी लॅपटॉप उघडते.
पासवर्ड मागच्याच महिन्यातला, शेवटी एक उद्गारचिन्ह जास्त.

या आठवड्यात तुम्ही काम करण्यास सक्षम होता का?
होते.
उपलब्ध होता का?
होते. अजूनही पहाटे साडेचारलाच जाग येते,
पहिल्या पाळीची.
कुणी काम देऊ केलं आणि तुम्ही नाकारलंत, असं झालं का?
इथे मी दर वेळी जरा हसते.

एकोणीस वर्षं मी गाड्यांच्या काचा तपासल्या,
टोलीडोत, मॉमी नदीपलीकडच्या कारखान्यात.
पांढऱ्या उजेडाखाली काच तिरकी धरायची
आणि बुडबुडा शोधायचा, केसाएवढा ओरखडा शोधायचा.
आता ते कॅमेरा बघतो.
सांगताना डॅरिलने माझ्याकडे पाहिलं नाही,
काचेकडे पाहिलं.
काचेत काही दोष नव्हता.

काम शोधल्याचे पुरावे, किमान दोन.
औषधांच्या दुकानात कॅशियर.
शाळेचं स्वयंपाकघर. तिथल्या अर्जात विचारलंय,
पन्नास पौंड उचलू शकाल का?
काचेचे क्रेट उचलले, आजारी सासूबाई उचलल्या.
उचलू शकेन.

मग तो प्रश्न.
या आठवड्यात तुम्ही काम केलंत का,
कितीही थोडं, कितीही थोड्या पैशांचं?

मराठीत विचारलं असतं तर मी म्हटलं असतं,
काम म्हणजे कुठलं काम, बाबा?
मंगळवारी फूटभर बर्फ पडला.
शेजारच्या कोवाल्चिकबाई एक्याऐंशीच्या.
त्यांच्या पायऱ्या फावड्याने मोकळ्या केल्या, मग फुटपाथ,
मग पत्रपेटीपर्यंतची वाट, कारण हात लागलाच होता.
बाईंनी माझ्या कोटाच्या खिशात वीसची नोट कोंबली
आणि मी तोंड उघडायच्या आत दार लावून घेतलं.

मी लिहिलं : हो. वीस डॉलर.
केतकी कोलंबसहून फोनवर ओरडली,
आई, असलं कोण लिहितं!
कोण म्हणजे?
ओरखडा दिसला की मी लिहायचे.

सोमवारी रकमेच्या जागी दोनच शब्द :
दावा विचाराधीन.
मालकाचं नाव? कामाचा प्रकार?
काम संपण्याचं कारण?
बर्फ संपला.
पण तसा पर्याय नव्हता.
कपात होती, राजीनामा होता, गैरवर्तन होतं.

सरकारी काम, सहा महिने थांब, असं वडील म्हणायचे.
ते निदान कचेरीच्या बाकावर थांबायचे,
शेजारचा कुणी चुना पुढे करायचा.
मी सॅक्सोफोनबरोबर थांबते.
धून मध्येच तुटते, जीव वर येतो,
आणि तोच आवाज, तुमचा फोन आम्हाला महत्त्वाचा आहे.
पहिल्या दिवशी एक तास चाळीस मिनिटं, मग फोन कट.
दुसऱ्या दिवशी स्पीकर लावून मेथी निवडली,
दोन जुड्या.
तिसऱ्या आठवड्यात बाई आली, खरीखुरी,
खोकणारी. ओपल नावाची.
खटावकर सांगितलं तिला, नऊ इंग्रजी अक्षरं,
एकेक तिच्या हातावर ठेवल्यासारखी.
हे वीस डॉलर कशाचे?
बर्फाचे, मी म्हटलं.
पलीकडची टकटक थांबली.
हनी, ती म्हणाली,
आणि पुढे काहीच म्हणाली नाही.
मग एक कळ वाजली.

बुधवारी पैसे आले, सगळेच्या सगळे.
एवढ्याशा कमाईवर कापत नाहीत म्हणे,
नुसतं तीन आठवडे थांबवतात.

काल रात्री पुन्हा पडला.
आज सकाळी बाई खिडकीतच उभ्या, नोट हातात धरून.
मी फावड्यावरून मान हलवली. नको.
त्या आत गेल्या, बऱ्याच वेळाने आल्या
फॉइल लावलेला डबा घेऊन.
आत त्यांच्याकडच्या उकडलेल्या करंज्या,
बटाट्याच्या, वर लोण्यात परतलेला कांदा.

आता डबा लॅपटॉपशेजारी, बोटं अजून बधिर,
आणि पडद्यावर तो प्रश्न,
कितीही थोडं.
पंधरा मिनिटांत हे पान आपोआप बंद होईल, असं वर लिहिलंय.
मी काटा शोधते.
पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.